नकाशा मंजूर होण्याआधी आरोग्याचा प्रश्न विचारला जावा

आभा_क (धागाकर्ती)

गेली चार वर्षे मी मुंबईच्या पूर्व उपनगरांतील एका पुनर्वसन वसाहतीत क्षयरुग्णांच्या घरभेटींचे काम करते. त्यातले एक घर डोळ्यांसमोरून हलत नाही. दुसऱ्या मजल्यावरची खोली, भर दुपारचे बारा वाजलेले, आणि ट्यूबलाइट लावल्याशिवाय गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचता येत नाही. खिडकी आहे, पण समोरच्या इमारतीची भिंत जेमतेम तीन मीटरवर आहे. मधल्या हाऊसगल्लीत वरच्या मजल्यांवरून पडलेला कचरा साठलेला असतो, त्याचा वास आणि डास नकोत म्हणून घरातल्या बाईंनी खिडकीला निळा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी खिळे ठोकून लावला आहे. त्या घरात आधी मोठ्या मुलाला टीबी झाला, मग आईला, आणि दीड वर्षाने धाकट्या मुलीला. तिघांनाही औषधे वेळेवर आणि मोफत मिळाली. खोली मात्र तीच राहिली.

हा अनुभव एका घरापुरता नाही. गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व विभागातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत या तीन वसाहतींचा डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईतील अभ्यासकांच्या साथीने अभ्यास केला होता, आणि २०१८ मध्ये त्याची वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. पहिल्या दोन वसाहतींत शंभरामागे आठ ते दहा घरांत क्षयरोग आढळला, तर इमारतींमध्ये मोकळी जागा असलेल्या तिसऱ्या वसाहतीत हे प्रमाण शंभरामागे एका घराच्या आसपास होते. तिन्ही ठिकाणची माणसे साधारण एकाच आर्थिक स्थितीतली. ठळक फरक होता तो दोन इमारतींमधल्या अंतराचा, आणि त्यामुळे घरात येणाऱ्या उजेडाचा आणि वाऱ्याचा.

या इमारतींचे नकाशे कोणीतरी तपासले, त्यांवर सह्या झाल्या, अग्निशमनाचा दाखला घेतला गेला, पाणी आणि मलनिःसारणाची परवानगी झाली. इथे राहायला येणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांचे काय होईल, हा प्रश्न त्या संपूर्ण प्रवासात कोणत्याही टेबलावर विचारला गेला नाही, कारण तो विचारण्याची जबाबदारी कोणत्याही टेबलावर दिलेली नव्हती. आरोग्य परिणाम मूल्यमापन म्हणजे हाच प्रश्न, निर्णय होण्याआधी, ठरलेल्या पद्धतीने विचारणे. धोरण, योजना किंवा प्रकल्प यांमुळे लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होऊ शकेल आणि तो परिणाम कोणत्या गटावर अधिक पडेल, हे तपासण्याची ही पद्धत आहे. डिसेंबर १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाच्या पुढाकाराने तयार झालेल्या गोथेनबर्ग मसुद्यात तिची व्याख्या आणि मूल्ये मांडली गेली. लोकशाही, समता, शाश्वत विकास आणि पुराव्याचा प्रामाणिक वापर ही ती चार मूल्ये आहेत.

आपल्याकडे पर्यावरण आघात मूल्यांकन आहेच, असे उत्तर मला नेहमी मिळते. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, हे खरे आहे. पण त्याच अधिसूचनेने इमारती आणि टाउनशिप यांना जनसुनावणीतून वगळले आहे. म्हणजे कारखान्याच्या शेजाऱ्याला निदान एकदा माईकसमोर उभे राहता येते. जो स्वतः त्या इमारतीत राहायला जाणार आहे, त्याला तेवढेही मिळत नाही. दुसरीकडे, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्य खात्याबाहेरील महत्त्वाच्या खात्यांच्या धोरणांचे आरोग्य परिणाम मूल्यमापन करण्याचा उल्लेख आहे. तो उल्लेख आपल्या शहराच्या नियमावलीत कसा उतरवता येईल, एवढ्याच मुद्द्यावर या धाग्यात बोलावे, अशी सर्वांना विनंती आहे.


वास्तुविद

आभाताई, मी वास्तुरचनाकार आहे आणि पुनर्वसन योजनांचे नकाशे मी स्वतः काढले आहेत, त्यामुळे थोडे आतून लिहितो.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात, म्हणजे शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(१०) मध्ये, दर हेक्टरी किमान किती घरे बसवायची हे सांगितलेले आहे. पूर्वी ती संख्या ५०० होती, नंतर ६५० झाली. ‘किमान’ हा शब्द लक्षात घ्यावा. घनता अमुक एका मर्यादेपलीकडे जाऊ नये, असे तो नियम म्हणत नाही. ती अमुक मर्यादेच्या खाली जाऊ नये, असे म्हणतो. त्यातच पुनर्वसनाच्या इमारतींना बाजूची मोकळी जागा कमी सोडण्याची सवलत मिळते, कारण उरलेल्या भूखंडावर विकासकाने बाजारात विकायच्या घरांची इमारत उभी राहिल्याशिवाय योजनेचे गणितच बसत नाही. घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फूट झाले, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण खोली मोठी झाली म्हणून खिडकीसमोरची भिंत मागे सरकत नाही.

मला खरी खंत वेगळ्याच गोष्टीची वाटते. याच शहरात शंभर वर्षांपूर्वी आरोग्यावरून इमारतीचे अंतर ठरवण्याचा विचार झाला होता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. त्या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहाने मांडला. खोलीच्या खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा ओढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा अधिक कोन करता कामा नये, असा त्याचा साधारण अर्थ. शाळेतले त्रिकोणमितीचे कोष्टक काढून पाहिले तर या कोनाची स्पर्शज्या (टॅन) दोन येते, म्हणजे समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मे अंतर मोकळे सोडायचे. तळमजला अधिक सात मजल्यांची इमारत साधारण तेवीस मीटर उंच धरली, तर तळमजल्यावरच्या खोलीसमोर साडेअकरा मीटर जागा हवी. आभाताईंनी सांगितलेले अंतर तीन मीटर आहे.

त्या काळच्या ट्रस्टने वस्त्या पाडून हजारो माणसांना बेघर केले, हेही तितकेच खरे आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण उजेड आणि वारा या आरोग्याच्या गोष्टी आहेत आणि त्या अंशांत व मीटरमध्ये मोजता येतात, ही समज तेव्हा होती. आमच्या पिढीने ती नियमावलीच्या सवलतींमध्ये हरवली.


डॉ. निशिगंध

मी महापालिकेच्या दवाखान्यांत काम केले आहे. आभाताईंनी दिलेल्या अभ्यासाबद्दल एक सावधगिरीची सूचना करतो, म्हणजे उद्या कोणी अधिकाऱ्यांसमोर हा मुद्दा मांडला तर तो कच्चा पडणार नाही. हा अभ्यास एका ठरावीक काळाचे चित्र दाखवतो. घरात उजेड नसल्यामुळेच टीबी झाला, असे त्यातून सिद्ध होत नाही, तर दोन्हींचा संबंध दिसतो. कुपोषण, मधुमेह, तंबाखू, एका खोलीत झोपणाऱ्या माणसांची संख्या, यांचाही वाटा असतो.

तरीही हा संबंध वैद्यकशास्त्राला अनोळखी नाही. क्षयाचे जंतू खोकल्यातून बाहेर पडलेल्या अतिसूक्ष्म थेंबांबरोबर खोलीतल्या हवेत कित्येक तास तरंगत राहू शकतात. खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते, यावर तिथे बसलेल्या निरोगी माणसाच्या श्वासात किती जंतू जातील हे अवलंबून असते. पेरू देशातील लिमा शहरातल्या रुग्णालयांत केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या वॉर्डांत, खिडक्या उघड्या ठेवल्या की यंत्राने हवा खेळवणाऱ्या आधुनिक खोल्यांपेक्षाही हवा कितीतरी अधिक वेगाने बदलत होती. म्हणजे खिडकी हे स्वस्त आणि चांगले साधन आहे, मात्र ती उघडता आली पाहिजे. आभाताईंनी वर्णन केलेल्या खिडकीवर खिळे ठोकलेले आहेत आणि ते त्या बाईंनी अज्ञानाने ठोकलेले नाहीत. गल्ली कोणी साफ करायची हे नकाशा मंजूर करताना ठरले नाही, म्हणून खिळे आले. चांगल्या मूल्यमापनात ही साखळी शेवटपर्यंत तपासली जाते: अंतर, गल्लीची मालकी, सफाईची जबाबदारी, खिडकी, हवा, रुग्ण.

माहितीचा तुटवडा आहे असे म्हणण्यालाही फारसा अर्थ नाही. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे बंधनकारक आहे. ‘निक्षय’ प्रणालीत रुग्णाचा पत्ता असतो. नावे पूर्णपणे वगळून इमारतनिहाय आकडे नगररचना विभागाला देता येतील. दोन्ही विभाग एकाच महापालिकेचे आहेत, पण एकमेकांना हे विचारण्याचा प्रघात नाही.


प्रश्नचिन्ह

विषय महत्त्वाचा आहे, म्हणूनच विरोधी बाजू गांभीर्याने मांडतो.

माझे लहानपण झोपडपट्टीत गेले. आमच्या घरात खिडकीच नव्हती, पावसाळ्यात गुडघाभर पाणी यायचे आणि आई पहाटे चारला उठून सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभी राहायची. पुनर्वसनाचे घर मिळायला आम्हाला अकरा वर्षे लागली. आणखी एक मूल्यमापन, आणखी एक अहवाल, आणखी एक समिती आली असती, तर ती अकरांची चौदा झाली असती, आणि त्या तीन वर्षांत आईच्या तब्येतीवर जो परिणाम झाला असता तो कोणत्या अहवालात लिहिला गेला असता? विलंब हासुद्धा आरोग्यावरचा परिणामच आहे.

दुसरी शंका अशी की, पर्यावरणाचे अहवाल आज प्रकल्पाचा मालकच सल्लागार नेमून आणि पैसे देऊन तयार करून घेतो. आरोग्याचेही तसेच झाले, तर आपण एका नव्या दाखल्याला जन्म देऊ आणि त्याच्या आधारे वाईट नकाशाला ‘आरोग्यदृष्ट्या योग्य’ असे प्रशस्तिपत्र मिळेल. आज निदान ते प्रशस्तिपत्र तरी नाही.


आभा_क

प्रश्नचिन्ह, तुमच्या आईंच्या रांगेचा उल्लेख वाचून मी बराच वेळ थांबले. तुमचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मूल्यमापन करताना तुलना आदर्श घराशी करायची नसते. आजची स्थिती, प्रस्तावित स्थिती आणि शक्य असलेला दुसरा पर्याय या तिन्हींची तुलना करायची असते. ‘काहीच न करणे’ हाही एक पर्याय धरून त्याचे परिणाम लिहावे लागतात. त्यामुळे प्रामाणिक मूल्यमापनात तुमच्या आईंची रांग पहिल्याच पानावर येईल.

वेळेबद्दल म्हणाल, तर प्रत्येक ठिकाणी वर्षभराचा अभ्यास करावा लागत नाही. आधी छाननी होते, म्हणजे मूल्यमापनाची गरज आहे का हे पाहिले जाते. मग व्याप्ती ठरते. हाताशी असलेल्या माहितीवरून काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत होणारी जलद पद्धतही रूढ आहे. शिवाय हे काम एकेका इमारतीला न लावता नियमाला लावले, तर वेळेचा प्रश्नच फारसा उरत नाही. मोकळ्या जागेतील सवलतीच्या एका कलमाचे एकदाच मूल्यमापन झाले असते, तर त्या कलमाखाली उभ्या राहिलेल्या शेकडो इमारतींचे काम झाले असते.

पैसे कोणी द्यायचे आणि माणूस कोणी निवडायचा, या तुमच्या दुसऱ्या शंकेला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. बांधकाम शुल्कातून स्वतंत्र निधी उभारावा आणि विकासकाने मूल्यमापन करणारा निवडू नये, असे मला वाटते. अधिक अनुभव असलेल्यांनी लिहावे.


कार्डिफकर

मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त बारा वर्षे वेल्समध्ये आहे. इथे सार्वजनिक आरोग्य यंत्रणेतच या कामासाठी एक लहानसा मदत विभाग २००४ पासून आहे. त्याचे काम अहवाल मंजूर किंवा नामंजूर करण्याचे नाही. नगररचना, वाहतूक, गृहनिर्माण या खात्यांतील माणसांना मूल्यमापन कसे करायचे ते शिकवणे आणि त्यांच्या बरोबर बसून ते करणे, हे त्याचे काम. पुढे २०१७ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने सरकारी संस्थांना ठरावीक परिस्थितीत आरोग्य परिणाम मूल्यमापन बंधनकारक करण्याची तरतूद केली. आधी तेरा वर्षे सवय आणि मग कायदा, हा क्रम मला शिकण्यासारखा वाटतो.

टाळेबंदीचे मूल्यमापनही इथे झाले. ‘घरीच थांबा’ या धोरणाचे एकट्या राहणाऱ्यांवर, लहान घरांतल्या मुलांवर, घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांवर काय परिणाम होतील, याचा अहवाल २०२० मध्येच प्रसिद्ध झाला. धोरण चुकीचे होते असे त्यात म्हटलेले नाही. त्याची झळ कोणाला अधिक बसेल हे लिहिले आहे, म्हणजे त्या लोकांसाठी काही करता येईल.

प्रश्नचिन्ह यांच्या शंकेबद्दल एवढेच सांगतो की, इथेही नुसते रकाने भरून दिलेले अहवाल मी पाहिले आहेत. ते लोकांनी उघडून वाचले, तेव्हाच सुधारले.


माहुलची लेक

माझे माहेर मुंबईतल्या चेंबूरजवळच्या माहुल गावातले, कोळीवाड्यातले. कोणी ‘आधी माहिती नव्हती’ असे म्हणू नये म्हणून तारखांच्या क्रमाने लिहिते.

आमच्या गावाभोवती तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या आहेत. गावकऱ्यांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला. केईएम रुग्णालयाने केलेल्या पाहणीचा त्यात आधार होता. पाहणी केलेल्यांपैकी ६७.१ टक्के लोकांना महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा श्वास लागत असल्याचे त्या पाहणीत आढळले होते. इथली हवा माणसांच्या आरोग्याला धोका आहे, हे कागदावर आलेले होते. आणि २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवल्या गेल्या, तेव्हा हजारो कुटुंबांना याच माहुलमध्ये, कारखान्यांच्या भिंतीपलीकडच्या ७२ इमारतींमध्ये घरे देण्यात आली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोणालाही तिथे सक्तीने पाठवू नये असे सांगितले आणि इतरत्र घर देता येत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडे द्यावे असा आदेश दिला.

एका पाहणीने सांगितले की इथे श्वास लागतो, आणि दुसऱ्या विभागाने तिथेच माणसे नेऊन ठेवली. त्या दोन वर्षांत आमच्या गावच्या बसथांब्यावर मुलांना कडेवर घेऊन, तोंडाला पदर लावून उभ्या असलेल्या नव्या बायका मी पाहत होते. आम्ही तिथे जन्मलो, ते गाव आमचे आहे. त्या बायकांना मात्र कोणीतरी यादीत नाव पाहून आणून सोडले होते. घर वाटपाच्या यादीवर सही करणाऱ्याने ‘या जागेबद्दल आरोग्याची कोणती माहिती उपलब्ध आहे?’ एवढा एकच प्रश्न लेखी विचारला असता आणि उत्तर फाइलला लावणे बंधनकारक असते, तर ती फाइल पुढे गेली नसती असे मला आजही वाटते.


डॉ. निशिगंध

माहुलच्या ताई, तुम्ही जे लिहिले आहे ते या विषयाच्या मुळाशी जाते. माहिती असणे आणि ती निर्णयाच्या फाइलीत असणे यांत फरक आहे. थायलंडमध्ये हा फरक कायद्याने मिटवण्याचा प्रयत्न झाला. तिथल्या २००७ च्या राज्यघटनेने आरोग्यावर गंभीर परिणाम करू शकणाऱ्या प्रकल्पांसाठी आरोग्याचे मूल्यमापन आवश्यक ठरवले आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय आरोग्य कायद्याने असे मूल्यमापन मागण्याचा हक्क नागरिकांना दिला. मॅप ता फुट या औद्योगिक वसाहतीतील रहिवासी न्यायालयात गेले, तेव्हा सप्टेंबर २००९ मध्ये ७६ प्रकल्पांना स्थगिती मिळाली. डिसेंबरमध्ये वरच्या न्यायालयाने त्यांपैकी ११ प्रकल्पांना परवानगी दिली, ६५ थांबलेलेच राहिले. सरकार आणि उद्योग दोघांचीही धावपळ झाली. मला त्यातला नागरिकाचा हक्क सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तिथे मूल्यमापन ही केवळ वरून मिळणारी गोष्ट राहत नाही.


वास्तुविद

आता आपल्या हातात काय आहे, याकडे येतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवण्याची तरतूद कलम २६ मध्ये आहे, आणि मंजूर आराखड्यात किंवा नियमावलीत फेरबदल करायचा झाल्यास कलम ३७ नुसार सूचना प्रसिद्ध करावी लागते. नवा कायदा होईल तेव्हा होईल. पण या दोन खिडक्या आजही उघड्या आहेत, आणि त्यांतून येणाऱ्या बहुतेक हरकती आरक्षण आणि रस्तारुंदी यांबद्दल असतात. उजेड, वारा, दवाखान्यापर्यंतचे चालत जाण्याचे अंतर यांबद्दलच्या हरकती माझ्या पाहण्यात जवळजवळ आलेल्याच नाहीत.

फेरबदलाची पुढची सूचना निघेल तेव्हा हरकत अशा शब्दांत द्यावी, असे मी सुचवतो: ‘प्रस्तावित फेरबदलामुळे तळमजला आणि पहिल्या दोन मजल्यांवरील घरांना २१ डिसेंबर रोजी किती वेळ थेट सूर्यप्रकाश मिळेल, खोलीतील हवा तासाला किती वेळा बदलेल आणि दोन इमारतींमधील जागेच्या सफाईची जबाबदारी कोणाची असेल, हे नियोजन प्राधिकरणाने जाहीर करावे व विभागातील क्षयरोग आणि श्वसनविकारांच्या नोंदींशी ताडून पाहावे.’ हे सर्व संगणकावर काढता येते. सूर्यप्रकाशाचे गणित माझ्या कार्यालयातील शिकाऊ मुले एका दिवसात करतात. कोणत्याही वसाहतीसाठी ते विनामूल्य करून द्यायला मी तयार आहे.


प्रश्नचिन्ह

माझी शंका पूर्ण मिटलेली नाही, पण वास्तुविद यांच्या हरकतीच्या मसुद्यावर मी सही करेन. त्यात एक वाक्य जोडावे: उत्तर मराठीत द्यावे आणि ज्यांना तिथे राहायला जायचे आहे त्यांच्या सध्याच्या वस्तीत ते वाचून दाखवावे. आमच्या वेळी संमतीपत्रावर आईचा अंगठा घेतला गेला. नकाशा तिने घरात पाऊल टाकेपर्यंत पाहिला नव्हता.


आभा_क

हे वाक्य मसुद्यात घेतले आहे, आणि ते सर्वांत वर ठेवले आहे.

वास्तुविद, तुमच्या तयारीबद्दल मनापासून आभार. सुरुवात मी लिहिलेल्या त्या खोलीपासूनच करू या. त्या बाईंशी काल बोलले. मोजणीसाठी खिळे काढायला त्या तयार आहेत, मात्र आधी गल्ली साफ करून द्या, असे त्यांनी सांगितले आहे. त्या इमारतीच्या सोसायटीकडे आणि विभाग कार्यालयाकडे तसा अर्ज उद्या देत आहे. रविवारी सकाळी ज्यांना येणे शक्य आहे त्यांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. मोजपट्टी आणि प्रकाशमापक वास्तुविद आणणार आहेत, आणि मोजणी तळमजल्यापासून सुरू होईल.